तांबडी छाती गेली कुठे?

डिसेंबरातल्या सकाळी येऊरच्या जंगलात पक्षी बघायला निघालेल्या गटात एक संवाद हमखास कानावर पडतो. वाटेकडेच्या झाडातून ‘टिर्र’ असा कोरडा, खडखडता आवाज येतो. चिमणीहून लहान, मातकट पाठीचा, फिकट पोटाचा एक पक्षी फांदीवर उतरतो, शेपटी झटक्याने वर उचलतो, पंख किंचित खाली पाडतो आणि दिसेनासा होतो. गटातला जाणकार सांगतो, “रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर.” पहिल्यांदाच आलेली एखादी बाई दुर्बीण खाली घेत विचारते, “अहो, पण रेड कुठे होतं त्यात?”

प्रश्न रास्त आहे. तांबड्या छातीचा माशीमार असं नाव मिरवणारा हा पक्षी हिवाळ्यात ठाण्याच्या आसपास बऱ्यापैकी दिसतो, पण त्यातल्या कित्येकांच्या छातीवर तांबड्याचा ठिपकाही नसतो. मादीला तो रंग येत नाही आणि तरुण नराला पहिल्या हिवाळ्यात आलेला नसतो. भरीस भर म्हणजे त्याच झाडावर तपकिरी रंगाचा आणखी एखादा माशीमार बसलेला असू शकतो, आणि चार पावलांवरच्या ओढ्यात निळे माशीमार असतात ते वेगळेच. पुस्तकातल्या चित्रांच्या पानावर हे सगळे शेजारी शेजारी छापलेले असले की फरक सोपा वाटतो. जंगलात पक्षी एकटा असतो, सावलीत असतो आणि तीन सेकंद दिसतो.

तरीही जाणकारांचं बहुतेक वेळा बरोबर येतं. त्यांची नजर जास्त तीक्ष्ण असते असं नाही. रंगाकडे ते सगळ्यात शेवटी बघतात, एवढाच फरक.

माशीमार कोणाला म्हणायचं?

माशीमार हे मुळात धंद्यावरून पडलेलं नाव. फांदीवर ताठ बसायचं, समोरून माशी, डास किंवा पतंग गेला की झेप घ्यायची, हवेतच चोचीत पकडायचं आणि परत बैठकीवर यायचं, ही त्यांची शिकारीची रीत. ती जमायला शरीरही तसं लागतं. चोच बुडाशी रुंद आणि चपटी, डोळे मोठे, पाय आखूड. जमिनीवर फारसं चालायचं नसल्याने पायांवर खर्च कमी. चोचीच्या बुडाशी राठ केसांसारखी दिसणारी पिसं असतात. किडे जाळ्यात आल्यासारखे त्यांत अडकत असावेत, अशी जुनी समजूत होती. अमेरिकेतल्या माशीमारांवर १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान चित्रीकरण करून बघितलं, तेव्हा पक्षी किडे चोचीच्या टोकाने पकडतात असं दिसलं. १९८०च्या दुसऱ्या एका अभ्यासातून ही पिसं डोळ्यांचं रक्षण करत असावीत असं पुढे आलं. धडपडणाऱ्या किड्याचे पंख आणि पाय डोळ्याला लागू नयेत म्हणून ती उपयोगी पडतात.

धंदा एक असला की नातं नसलेलेही सारखे दिसू लागतात. अमेरिकेतल्या माशीमारांचं कूळ आपल्याकडच्या माशीमारांहून पूर्णपणे वेगळं आहे, तरी दोघांची बैठक आणि झेप एकाच वळणाची. आपल्या जंगलातही हा प्रकार आहे. लांब फितीसारख्या शेपटीमुळे सगळ्यांचा लाडका असलेला स्वर्गीय नर्तक इंग्रजी नावाने फ्लायकॅचर आहे, पण त्याचं कूळ मोनार्क पक्ष्यांचं. नात्याने तो कोतवाल आणि कावळ्याच्या बाजूला पडतो. शेपटीचा पंखा उघडून इकडून तिकडे मिरवणारी नाचणही त्याच बाजूची. उलट डोंबिवलीतल्या सोसायटीच्या टाकीवर बसून पहाटे गाणारा दयाळ हा खऱ्या माशीमारांचा कुळबंधू आहे. हे कळल्यावर अनेकांना धक्का बसतो. बसायलाच हवा.

एकाच कुळातले माशीमार सारखे दिसतात त्याची कारणं वेगळी. काही जाती एकमेकींपासून फारशा लांब गेलेल्या नाहीत. बहुतेक माद्यांचा रंग मातकट, त्यामुळे अंडी उबवताना त्या नजरेत येत नाहीत. शिवाय पक्षी एकमेकांना ओळखतात ते मोठ्या प्रमाणात आवाजावरून. मादीला नर ओळखू येतो, नराला प्रतिस्पर्धी ओळखू येतो. दुर्बीण लावून बसलेल्या माणसाची सोय कोणी बघितलेली नाही.

कसारा की कर्जत?

मध्य रेल्वेवर रोज प्रवास करणाऱ्याला हे कौशल्य नवं नाही. डोंबिवलीच्या फलाटावर येणाऱ्या लोकल रंगाने, आकाराने, आवाजाने सारख्याच. कल्याणनंतर मात्र एक फाटा कसाऱ्याला जातो आणि दुसरा कर्जतला, म्हणजे चुकीच्या गाडीत चढणं परवडत नाही. नवखा माणूस आख्खी गाडी न्याहाळतो. रोजचा प्रवासी इंडिकेटरवरचं एकच अक्षर बघतो, ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत, शेजारी जलद की धीमी ते बघितलं की काम झालं. त्याहीआधी घड्याळ आणि फलाट यांनी त्याचं अर्धं काम केलेलं असतं. या वेळेला, या फलाटावर कुठल्या गाड्या येऊच शकत नाहीत हे त्याला ठाऊक असतं.

माशीमाराच्या बाबतीत घड्याळाच्या जागी महिना असतो, फलाटाच्या जागी झाडावरची उंची आणि जागा, आणि इंडिकेटरच्या जागी अंगावरची एक-दोन ठरावीक ठिकाणं: चोचीचा खालचा अर्धा भाग, पाय, डोळ्याभोवतीचं कडं, शेपटीचं मूळ आणि छातीवरचा रंग जिथे संपतो ती रेघ. उरलेला पक्षी सुंदर असतो, पण निर्णयाला फार उपयोगी पडत नाही.

पक्षीओळखीत ही पद्धत तशी अलीकडची. ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर आहे त्या बेटावरच्या आणि मुंबईतल्या पक्ष्यांचं तपशीलवार वर्णन सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः लिहिलं. त्या काळी अवघड पक्ष्याची खात्री करायची तर तो बंदुकीने पाडून हातात घ्यायचा आणि पंखांची, पिसांची मापं घ्यायची, ही जगभरची रीत होती. त्यामुळे जुन्या ग्रंथांतल्या खुणा हातातल्या पक्ष्याच्या होत्या. जिवंत, लांबवरचा पक्षी ओळखायला नेमक्या खुणेवर बाण दाखवणारं चित्रमय पुस्तक अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली काढलं, आणि दुर्बीणवाल्यांचं युग सुरू झालं. आजच्या क्षेत्रपुस्तिका त्याच वाटेने जातात.

निळ्याचा पत्ता सावलीत लागत नाही

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल मुंबई आणि ठाण्यात विभागलेलं आहे आणि येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. पानगळीच्या या जंगलात ओढ्यांच्या काठी दाट सावली टिकते. अशा ठिकाणी कमरेएवढ्या किंवा डोक्याएवढ्या उंचीच्या फांदीवर टिकेलचा निळा माशीमार बसलेला असतो. ठाण्यातले पक्षीनिरीक्षक त्याला नुसतं ‘टिकेल्स’ म्हणतात. सॅम्युअल टिकेल हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी, पक्ष्यांचा अभ्यासक. त्याचं नाव एडवर्ड ब्लाइथ याने १८४३ साली या पक्ष्याला दिलं. हा बाराही महिने इथेच राहणारा आहे.

नराची पाठ निळी, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरं. त्याच्याशी गल्लत होणारा निळ्या गळ्याचा माशीमार हिवाळी पाहुणा, ठाण्याकडे क्वचित दिसणारा. त्याचीही पाठ निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. मग फरक? गळ्यात. टिकेल्सचं नारिंगी थेट हनुवटीपासून सुरू होतं. निळ्या गळ्याच्या नराचा गळा निळा असतो आणि नारिंगी त्याच्याखाली सुरू होतं. दुसरी खूण खालच्या टोकाला. टिकेल्सच्या छातीवरचं नारिंगी आणि पोटाचं पांढरं यांच्यामधली सीमा रेघ मारल्यागत साफ असते. थोडक्यात, नारिंगी आहे का हे विचारून काही हाती लागत नाही. नारिंगी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे विचारायचं.

माद्यांमध्ये टिकेल्सच्या पाठीवर निळसर करडी झाक राहते, निळ्या गळ्याच्या जातीची मादी वरून सरळ तपकिरी. त्याच घराण्यातला तिसरा, पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार, हा पश्चिम घाटाचा खास रहिवासी. त्याच्या नराच्या अंगावर नारिंगी अजिबात नाही. गळा आणि छाती निळी, पोट पांढरं. त्याची मादी मात्र नारिंगी गळ्याची आणि तांबूस शेपटीची. हा पक्षी आंबोलीकडे आणि त्याहून दक्षिणेच्या सदाहरित जंगलातला. येऊरमध्ये तो ‘दिसला’ म्हणणाऱ्याने आधी टिकेल्सचा विचार करावा हे बरं.

आता सावलीचा प्रश्न. या पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये केराटिन असतं, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच द्रव्य. त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या काही दहा-हजाराव्या हिश्श्याएवढं. एवढ्या अंतरावरून परतणाऱ्या प्रकाशातल्या निळ्या लहरी एकमेकींना बळ देतात. बाकीचे रंग आत जातात आणि खालच्या गडद थरात शोषले जातात. म्हणून निळा दिसण्यासाठी प्रकाश पुढून पडून परत यावा लागतो. पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसला, प्रकाश मागून आला, की निळा गायब. उरतो तो काळपट-तपकिरी पक्षी. निळं पीस चुरगाळून पोकळ्यांची रचना मोडली तरी तोच परिणाम होतो. नारिंगी रंग रंगद्रव्यातून येतो, त्यामुळे मंद उजेडात तो त्या मानाने तग धरतो. सकाळी सातला झाडीत ‘तपकिरी, नारिंगी छातीचा’ म्हणून टिपलेला पक्षी आठला उन्हात आल्यावर निळा निघतो, त्याचं कारण हे.

उंची इथे मोठं काम करते. अंगभर मोरचुदी रंगाचा, चोच आणि डोळ्याच्या मध्ये काळा डाग असलेला व्हर्डिटर माशीमार हिवाळ्यात हिमालयाकडून उतरतो. त्याला उघडी, उंच बैठक आवडते. निष्पर्ण सावरीच्या शेंड्यावरून झेपा घेणारा निळा पक्षी टिकेल्स असण्याची शक्यता फार कमी, आणि ओढ्यातल्या अंधारात गुडघाभर उंचीवर बसलेला व्हर्डिटर असण्याची त्याहून कमी. अल्ट्रामरीन माशीमाराचा नर आकाराने बराच लहान. वरून गडद निळा, खालून पांढरा, आणि छातीच्या दोन्ही बाजूंनी आत शिरणारा निळा पट्टा. हाही हिवाळी पाहुणा. उरला काळ्या मानेचा मोनार्क. निळा असला तरी तो माशीमारांच्या कुळातला नव्हे, हे वर आलंच. त्याच्या नराच्या डोक्यामागे काळा ठिपका आणि गळ्याखाली काळी बारीक रेघ असते. तो एका जागी ताठ बसून वाट बघत नाही, सतत फांद्यांमधून हिंडतो. पोट पांढरं, त्यामुळे व्हर्डिटरशी गल्लत झालीच तर पोट बघून मिटते.

तपकिऱ्यांचे पाय

निळ्यांमध्ये निदान बघायला आनंद तरी असतो. खरी परीक्षा तपकिरी माशीमारांची.

आशियाई तपकिरी माशीमार यातला सगळ्यात नेहमीचा. राखी-तपकिरी पाठ, फिकट पोट, छातीवर मळकट छटा. चेहरा मात्र विसरण्याजोगा नाही. मोठा डोळा, त्याभोवती पांढरं कडं, त्यामुळे पक्षी कायम दचकलेला वाटतो. खालच्या चोचीचा बुडाकडचा भाग फिकट, टोक गडद. पाय काळपट. जंगलाच्या कडेला, वाटेवरच्या मोकळ्या फांदीवर, मधल्या उंचीला तो बसतो आणि झेप घेऊन पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतो. फोटो काढणाऱ्यांचा हा उपकारकर्ता.

त्याचा जवळचा नातलग तपकिरी छातीचा माशीमार. ईशान्य भारतात आणि त्यापलीकडे वीण करून तो दक्षिणेकडे, केरळ आणि श्रीलंकेकडे हिवाळा काढायला जातो, आणि जाताना आपल्या पट्ट्यातून पार होतो. पाठ अधिक उबदार तपकिरी, छातीवर तपकिरी पट्टा, त्यामुळे पांढरा गळा उठून दिसतो. चोचीच्या कोपऱ्यापासून गळ्याच्या कडेने उतरणारी गडद रेघ असते. पण एवढं सगळं तीन सेकंदांत कोण बघणार? म्हणून पाय बघायचे. याचे पाय पिवळट फिकट, आणि खालची चोचही जवळपास सगळी पिवळट. पाय काळपट तर आशियाई तपकिरी, पाय फिकट तर तपकिरी छातीचा. या दोघांपुरता हा नियम बराच भरवशाचा आहे.

या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात एक माणूस लपलेला आहे. एडगर लेअर्ड हा ब्रिटिश अधिकारी श्रीलंकेत पक्षी जमवत असे. त्याच्या मुत्तू नावाच्या नोकराने हा पक्षी त्याला आणून दिला आणि लेअर्डने १८५४ साली जातीला त्याचंच नाव दिलं. वसाहतकाळात पक्ष्यांना नावं मिळाली ती गव्हर्नरांची, कर्नलांची आणि त्यांच्या बायकांची. नोकराचं नाव असं कायमचं कोरलं जाणं ही दुर्मिळ गोष्ट.

सप्टेंबर-ऑक्टोबरात आणखी दोन पाहुणे पश्चिम भारतातून पुढे जातात. ठिपकेवाला माशीमार आफ्रिकेच्या वाटेवर असतो, हिवाळ्याला थांबत नाही. त्याच्या कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा असतात; आशियाई तपकिऱ्याच्या छातीवर अशा स्पष्ट रेघा नसतात. म्हणजे जानेवारीत ‘ठिपकेवाला’ लिहिण्याआधी दहादा विचार करायचा. तांबूस शेपटीचा माशीमार पश्चिम हिमालयातून दक्षिणेच्या घाटाकडे जाणारा. त्याची गल्लत माशीमारांशी कमी आणि थिरथिऱ्याच्या मादीशी जास्त होते, कारण दोघांची शेपटी तांबूस. सुटका सोपी आहे. डोंबिवलीजवळच्या भोपरच्या टेकडीसारख्या उघड्या, खडकाळ जागी दगडावर बसून शेपटी थरथरवणारा पक्षी थिरथिरा. माशीमार असं थरथरत नाही, आणि त्याला डोक्यावर पानांचं छत लागतं.

पुन्हा त्या तांबड्या छातीकडे

आता सुरुवातीचं कोडं. तांबड्या छातीच्या माशीमाराचं वजन साधारण दहा ग्रॅम. तो मध्य आणि पूर्व युरोपापासून पूर्वेकडे रशियापर्यंतच्या जंगलांत वीण करतो. युरोपातले कितीतरी पक्षी हिवाळ्यात आफ्रिका गाठतात. हा मात्र आग्नेयेला वळतो आणि भारत-पाकिस्तानात येतो. पोलंडमधल्या घरट्यातून उडालेला पक्षी येऊरच्या फाटकाजवळ बसलेला असणं अगदी शक्य आहे.

नराला छातीचा नारिंगी-तांबडा रंग जन्मतः नसतो, पहिल्या वर्षीही येत नाही. वर्षभराचा नर मादीच्या वेशातच वीण करायला जातो. रंग त्यानंतरच्या पिसंबदलात येतो आणि वाढत्या वयाबरोबर पसरतो. त्यामुळे डिसेंबरात दिसलेल्या दहा पक्ष्यांत माद्या, पहिल्या हिवाळ्याचे नर आणि थोडेसे प्रौढ नर असा मेळ असतो, आणि बिनतांबडेच बहुसंख्य ठरतात. मग त्यांना ओळखायचं कशावरून? शेपटीवरून. गडद शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे कप्पे असतात, आणि पक्षी शेपटी सारखी वर उचलत असल्याने ते चमकून जातात. आशियाई तपकिऱ्याच्या शेपटीत पांढरं नाही. सोबत ‘टिर्र’ आवाज असला तर शंकाच नको.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण पांढरे कप्पे आणि उचललेली शेपटी असलेला आणखी एक पक्षी आहे: टायगा माशीमार. सैबेरियाच्या जंगलात वीण करणारा, हिवाळ्यात आग्नेय आशियात आणि आपल्याकडे मुख्यतः पूर्व आणि मध्य भारतात उतरणारा. फार वर्षं तो तांबड्या छातीच्या माशीमाराची पोटजात मानला जात होता. गेल्या वीसेक वर्षांत दोन स्वतंत्र जाती सर्वमान्य झाल्या, आणि जुन्या नोंदवह्यांतल्या कितीतरी ओळी अचानक संशयास्पद झाल्या.

दोघांतला भरवशाचा फरक शेपटीच्या मुळावर आहे. शेपटी जिथे पाठीला मिळते तिथे तिच्यावर झाकण घातल्यागत आखूड पिसं असतात. टायगात ती कोळशाइतकी काळी, शेपटीएवढी किंवा तिच्याहूनही काळी. तांबड्या छातीच्यात ती शेपटीहून फिकी, करडी-तपकिरी. दुसरी खूण चोचीत. टायगाची चोच जवळपास पूर्ण काळी, दुसऱ्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. तिसरी खूण रंगाची, पण ती फक्त प्रौढ नरांना लागू. तांबड्या छातीच्या नराचा रंग बारा महिने टिकतो आणि गळ्यावरून छातीवर उतरतो. टायगाच्या नराचं नारिंगी गळ्यापुरतंच, त्याखाली करडा पट्टा, आणि वीण संपल्यावर ते जातं. पुन्हा येतं ते वसंतात. म्हणून डिसेंबरात भरगच्च नारिंगी छाती दिसली तर तो टायगा नव्हे, एवढं बिनधास्त म्हणता येतं. उलटं म्हणता येत नाही. कान तयार असेल तर आवाजही मदत करतो. तांबड्या छातीच्याचा खडखडाट संथ, टायगाचा वेगवान आणि किड्याच्या किरकिरीकडे झुकणारा.

तिसराही एक भाऊ आहे. काश्मीर माशीमार काश्मीर आणि पीर पंजालच्या जंगलात वीण करतो आणि हिवाळ्याला श्रीलंका आणि दक्षिण घाट गाठतो. जागतिक पातळीवर तो असुरक्षित गटात मोडतो. नराच्या गळ्या-छातीवरचा तांबडा खूप गडद आणि त्याला दोन्ही बाजूंनी काळी किनार. ये-जा करताना तो मधल्या भारतावरून जाणारच, त्यामुळे ऑक्टोबरात किंवा मार्च-एप्रिलमध्ये काळ्या किनारीची छाती दिसली तर फोटो काढण्याआधी श्वास घेण्यातही वेळ घालवू नये.

महिना, उंची, आणि मग पक्षी

जून ते ऑगस्टमध्ये हे सगळं कसं सोपं होतं ते बघण्यासारखं आहे. पावसाळ्यात पाहुणे परतलेले असतात. येऊरच्या ओढ्यात तेव्हा निळी पाठ आणि नारिंगी छाती दिसली तर टिकेल्सच. तो पावसाळ्यात वीणही करतो आणि पाच-सात धातूसारख्या खणखणीत सुरांची छोटी लकेर घेत असतो. ती ऐकून झाली की रंग बघण्याचीही गरज उरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र अवघड, कारण जाणारे-येणारे सगळे एकाच वेळी वाटेवर असतात आणि त्या वर्षीची पिल्लं अजून धड मोठ्यांसारखी दिसत नसतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत यादी ठरलेली. मार्चअखेर ती पुन्हा हलू लागते.

जागेचाही असाच प्रभाव. मलंगगडाच्या पायथ्याची आणि बारवी धरणाभोवतीची झाडी दाट, तिथे निळ्यांची आशा धरता येते. सातपूल किंवा कल्याणच्या गांधारेकडे खाडी आणि नदीकाठचा मोकळा मुलूख. तिथे माशीमार भेटलाच तर आंब्या-चिंचेच्या एकुलत्या झाडावर, आणि बहुधा आशियाई तपकिरी किंवा तांबड्या छातीचा. शहरातल्या बागेत तर नाचणच आधी समोर येईल.

> चौकट: माशीमार दिसला की
>
> आधी महिना. पावसाळ्यात हिवाळी पाहुण्यांची नावं यादीतून काढून टाका.
>
> मग उंची. ओढ्याकाठी, खाली, सावलीत: टिकेल्स. उघड्या शेंड्यावर: व्हर्डिटर. कडेच्या मोकळ्या फांदीवर, मधल्या उंचीला: आशियाई तपकिरी.
>
> शेपटी. बुडाशी पांढरे कप्पे आणि वर उचलायची सवय: तांबड्या छातीचा किंवा टायगा. थरथर: थिरथिरा. उघडा पंखा: नाचण.
>
> पाय आणि खालची चोच. पाय काळपट: आशियाई तपकिरी. पाय पिवळट: तपकिरी छातीचा.
>
> शेवटी रंग. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेवढंच बघा. मागून उजेड असेल तर निळ्यावर विश्वास ठेवू नका.

फोटो कुठल्या बाजूने?

आता जवळपास प्रत्येकाकडे कॅमेरा असतो आणि वाद फोटोवर मिटतात, असा समज आहे. फोटो पुरावा आहे खरा, पण आकाराचा आणि खुणांचा. रंगाच्या बाबतीत कॅमेराही फसतो. हिरव्या पानांतून गाळून आलेला उजेड तो आपल्या हिशेबाने सुधारतो, आणि त्यात राखी छाती पिवळसर होते, पिवळट पाय राखी. सगळेजण पक्ष्याचा पुढून, छातीचा फोटो काढतात कारण तो देखणा येतो. तांबड्या छातीचा की टायगा, हे ठरवायला मात्र मागून काढलेला, शेपटीचं मूळ दाखवणारा कुरूप फोटो लागतो. एक पुढून, एक मागून, एक बाजूने चोचीचा, असे तीन फोटो मिळाले तर घरी बसून शांतपणे निर्णय करता येतो.

फोनवरचं मर्लिन हे ॲप फोटो किंवा आवाजावरून नाव सुचवतं, आणि तेही ठिकाण आणि तारीख विचारात घेऊनच. म्हणजे यंत्रालाही आधी घड्याळ आणि फलाट लागतो. सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून लिहिण्यापेक्षा, त्या नावाची नेमकी खूण आपल्या फोटोत आहे का ते तपासावं.

आणि खूण दिसलीच नसेल तर? ई-बर्डसारख्या ऑनलाइन नोंदवहीत त्याचीही सोय आहे. ‘तांबड्या छातीचा किंवा टायगा’ अशी जोडनावाची नोंद तिथे रीतसर करता येते, नुसता ‘माशीमार, जात अनिश्चित’ असंही लिहिता येतं. नवशिक्यांना अशी नोंद करताना कमीपणा वाटतो. अनुभवी मंडळींच्या याद्यांत त्या सर्रास असतात. चुकीचं नाव एकदा नकाशावर चढलं की पुढची दहा माणसं ते बघून तोच पक्षी ‘बघतात’. जोडनाव कोणाची दिशाभूल करत नाही, आणि पुढच्या रविवारी तोच पक्षी त्याच फांदीवर पाठमोरा बसलेला सापडला, शेपटीच्या मुळाचा फोटो मिळाला, तर त्या दिवशीची नोंद पक्क्या नावाने करता येते.